पडझड, उलट्या क्रमाने

आज कोल्हापुरात, मोरेवाडीच्या चित्रनगरीत, आमच्या कथेतल्या एकाच बाईचं पहिलं प्रमोशन आणि शेवटचं रिकामं घर, दोन्ही एका दिवसात उरकलं. शूटिंग सेटच्या सोयीने चालतं, कथेच्या क्रमाने नाही. म्हणून कंटिन्युइटीच्या वहीत (कुठल्या सीनला कपडे, केस, मेकअप कसे, याची नोंद) पडझडीच्या चार पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक सीनपुढे आकडा टाकायचा. पहिलीला नेलपॉलिश अखंड, दुसरीला टवके उडालेलं, तिसरीला केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं, चौथीला तेच ऑफिसचं जाकीट, पण घरात, गाऊनवर. आकडा नसला की नटी सगळीकडे तिसरीचाच थकवा आणते आणि एडिटला बाई पहिल्या सीनपासून हरलेली दिसते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मेकअपवाले हौसेने आधी काढतात. ती शेवटी, तीही निम्मीच.

ओळख मात्र मेकअपने नाही, हाकेने पुसली जाते. ‘भूमिका’ सिनेमात (१९७७) स्मिता पाटीलची उषा पडद्यावर उर्वशी होते. आमच्याकडे वॉचमन आधी ‘मॅडम’ म्हणतो, मग ‘अहो ताई’, शेवटी नुसता फ्लॅट नंबर. संवादात यावर अवाक्षर नको. (लेखकाला राहवत नाही, ते वेगळं.)

उद्या रंकाळ्यावर पायरी दोन, पाऊस नसला तर.