असू दे, लागेल कधीतरी

दुपारची जेवणं आटोपलेली असतात, पंखा त्याच्या नादात फिरत असतो आणि टेबलावरच्या लॅपटॉपमधून तो आवाज येतो. दोन सुरांचा, उतरता. दोन-तीन सेकंदांत पुन्हा तसाच, पण चढता. कुणी हात लावलेला नसतो. टेबल हललेलं नसतं, मांजरही खोलीत नसतं. केबलला लटकलेली एसएसडी, म्हणजे फायली साठवायची बाहेरची डिस्क, नुसती जाऊन आलेली असते. शेजारीण विरजण मागायला यावी आणि काहीतरी आठवून दारातूनच परत फिरावी, तशी. पण शेजारीण गेल्याने घरातलं काही अडत नाही. इथे ८० जीबीपैकी ३१ जीबीवर आलेली कॉपीची हिरवी पट्टी जागच्या जागी थिजते, आणि त्या एकतीसवर तरी विश्वास ठेवायचा का, हे कुणी सांगत नाही.

ठार मेलेली वस्तू परवडते. कधी चालते, कधी चालत नाही, ही जात वाईट. दुकानात नेली की तासभर सुतासारखी सरळ, घरी आणली की ये रे माझ्या मागल्या. दवाखान्याची पायरी चढताच दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार.

मग ठपका बसतो डिस्कवर. "एसएसडी गेली वाटतं." नवी मागवली जाते आणि त्याच केसिंगमध्ये (डिस्कच्या बाहेरच्या डबीत) बसवून, त्याच केबलने, त्याच पोर्टला लावली जाते. आठवड्याने पुन्हा ते दोन सूर. चोर सोडून संन्याशाला फाशी! लॅपटॉप आणि डिस्क यांच्यामध्ये पाच जण उभे असतात: पोर्ट, असलाच तर हब (एका पोर्टचे अनेक करणारा), केबल, केसिंगमधली ब्रिज चिप आणि त्या चिपला डिस्कशी जोडणारा इवलासा कनेक्टर. यांतला कुणीही दगा देऊ शकतो, आणि बहुतेक वेळा देतो तो सगळ्यांत स्वस्तातला.

तपासाच्या आधी सामान बाहेर. डिस्क दिसते आहे तोवर जे पुन्हा मिळणार नाही ते पहिल्यांदा काढायचं: फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, हिशेब. सिनेमे शेवटी. आणि कट-पेस्ट नाही, कॉपीच. वाटेत तुटली तर मूळ जागेवर राहायला हवं. वाचतानाच एरर येत असतील तर फायली ओढत बसू नये, लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने सबंध डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या धडधाकट डिस्कवर घ्यावी. तो नीट वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागी नंतर परततो. विंडोजचा 'चेकडिस्क' त्याच्याही नंतर. तो दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहितो, आणि डळमळत्या केबलवरून लिहिणं म्हणजे भूकंप चालू असताना भिंतीला गिलावा करणं.

'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' अशी पाटी आली तर कॅन्सल. घाबरून ओके दाबणारे बरेच असतात. काही केसिंगं डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर (साठवणीचे कप्पे) ४०९६ बाइटचे म्हणून कॉम्प्युटरला दाखवतात. अशा केसिंगमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क काढून दुसऱ्यात घातली की पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवरच्या विभागाचा, पत्ताच चुकतो आणि ती कोरी वाटते. माल जिथल्या तिथे असतो. जुन्या केसिंगमध्ये परत घातली की सगळं दिसतं.

एलईडीच्या आधीची गणपतीतली दिव्यांची माळ आठवत असेल. सहा व्होल्टचे चाळीसेक बारके बल्ब एकापुढे एक ओवलेले, सगळे मिळून २३० व्होल्ट वाटून घ्यायचे. एक गेला की अख्खी माळ काळोखात. आदल्या संध्याकाळी माळ्यावरून ती खाली यायची आणि घरातले एक काका मांडी घालून बसायचे. त्यांच्या खिशात एक खात्रीचा बल्ब. स्विच बंद करायचा, पहिला बल्ब काढून त्या जागी हा लावायचा, स्विच चालू. नाही? पहिला परत, आता दुसरा. मखराचा चमकीचा कागद हातात तसाच धरून पोरं भोवती. मध्येच कुणीतरी घाईने एकदम दोन बल्ब बदलायचं, माळ लखकन् लागायची, पोरं ओरडायची, आणि काका मात्र वैतागायचे, "आता सांग, गेलेला कुठला?" दोन्ही बल्ब मग डब्यात जायचे, चांगला आणि मेलेला, शेजारी शेजारी.

एसएसडीच्या तपासात काकांचा बल्ब म्हणजे खात्रीची केबल. अर्ध्या मीटरची, जाडसर, दुसऱ्या एखाद्या डिस्कवर शे-दोनशे जीबी बिनबोभाट वाहून नेलेली. तिला लाल चिकटपट्टी लावून ठेवावी आणि मोबाइल चार्जिंगला कुणी मागितली तर देऊ नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, तर पोर्ट तोच ठेवायचा.

जुने डॉक्टर नाडी बघायच्या आधी विचारायचे, "दुखतं केव्हा? जेवणाआधी की नंतर?" इथेही तोच प्रश्न विचारला की निम्मं काम होतं. लावताक्षणी, किंवा मोठं लिखाण सुरू होताच डिस्क जात असेल, तर ती उपाशी आहे. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॅट देण्याला बांधील असतो. निळ्या जिभेचा यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॅट. अडीच इंची साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी सहसा तेवढ्यात भागवते. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) मात्र लिहिताना पाच-सहा वॅट सहज मागते, वर चिपचं वेगळं. त्यात वाटेत गळती. २८ गेजच्या बारीक तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध. जायची-यायची धरून मीटरभर केबलला ०.४३. त्यातून ९०० मिलिअँपिअर गेले की ०.३८ व्होल्ट वाटेतच खलास. पाच निघालेले ४.६ पोचतात, तेही निघताना पुरते पाच असले तर. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या पोर्टला आत आणखी एक वायर असते, म्हणून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघायचं. हब वापरायचाच तर स्वतःच्या अडॅप्टरचा. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात. त्याच्या पुढच्या पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर तो सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरवर रोखून धरतो. तिथे एनव्हीएमई लावून 'डिस्क खराब निघाली' म्हणणं म्हणजे मुठीएवढ्या भातावर पैलवान पोसण्यासारखं.

दहा मिनिटं नीट चालून मग जात असेल तर हात लावून बघा. ॲल्युमिनियमची डबी गरम लागते हे चांगलंच आहे, उष्णता बाहेर येते आहे. आत डिस्क तापलेली आणि डबी गारच, हे वाईट. अशी डबी उघडली की पुष्कळदा थर्मल पॅडवरची प्लास्टिकची पातळ फिल्म तशीच सापडते. पॅडच्या दोन्ही बाजूंना ती असते. एक निघते, दुसरी दिसत नाही. किंवा पॅड इतका पातळ की झाकणाला टेकतच नाही. मात्र वेग पडणं आणि डिस्क जाणं या दोन गोष्टी वेगळ्या. स्वस्त क्यूएलसी जातीच्या एसएसडीचा कॅश (लिखाण आधी उतरवायची वेगवान जागा) भरला की वेग सेकंदाला शेकडो एमबींवरून साध्या हार्डडिस्कएवढा, कधी त्याहूनही खाली येतो. तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. केसिंग बदलून तो जायचा नाही.

काहीच न करता, चहा पिऊन येईपर्यंत जाते? मग झोप. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा. तरीही जात असेल तर डुलकी केसिंगच्या चिपलाच लागते, आणि तिचं घड्याळ तिच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्यात भरलेल्या प्रोग्रॅममध्ये.

ती चिप हे एक वेगळंच पात्र आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत केसिंग मागितलं की दुकानदार एकच विचारतो, "साटा की एनव्हीएमई?" गिऱ्हाईक एकच विचारतं, "कितीला?" आत चिप कुठली, हे दोघांपैकी कुणी काढत नाही. एएसमीडिया, जेमायक्रॉन, रिअलटेक ही त्या धंद्यातली ठरलेली नावं. चिप कुठलीही असो, तिच्यावरचं फर्मवेअर जुनं की नवं यावर बरंच अवलंबून. हिचं काम दुभाष्याचं. एका बाजूला यूएसबी बोलायचं, दुसऱ्या बाजूला साटा किंवा एनव्हीएमई. पूर्वी हे संभाषण बल्क-ओन्ली पद्धतीने चाले: रेशनच्या रांगेसारखं, एकाचं होईतो दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. (त्या पद्धतीच्या मूळ दस्तऐवजावर तारीख छापली आहे ३१ सप्टेंबर १९९९. तीस दिवसांच्या महिन्यातल्या एकतिसाव्या दिवशी जन्मलेली पद्धत इतकी वर्षं बिनतक्रार चालली, हे विशेष.) नंतर यूएएस ही नवी पद्धत आली. ही उडप्याकडच्या वेटरसारखी: सहा टेबलांच्या ऑर्डरी एकदम घ्यायच्या आणि जे आधी तयार होईल ते आधी आणून द्यायचं. चांगला वेटर असला की झकास. कच्च्या फर्मवेअरची चिप एखादा मसाला डोसा विसरते, कॉम्प्युटर तीसेक सेकंद वाट बघतो, मग वैतागून सगळ्यांना उठवतो आणि नव्याने बसवतो. तेच ते दोन सूर.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याची नोंद असते: क्रमांक १२९ म्हणजे रिसेट केलं, १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करावं लागलं, १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. लिनक्समध्ये डीमेसेज या नोंदवहीत यूएएसच्या ॲबॉर्टच्या ओळी आणि खाली रिसेट. असं दिसलं तर यूएएस बंद करून बघायचं. लिनक्समध्ये कर्नलच्या बूट-ओळीत यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्सपुढे (अपवादांच्या यादीपुढे) चिपचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक आणि शेवटी 'यू' एवढं लिहायचं. विंडोजमध्ये ड्रायव्हर हाताने बदलून साधा मास स्टोरेज निवडायचा. वेग थोडा उतरतो. रेशनची रांग हळूच चालते, पण धान्य मिळतं.

डिस्क स्वतः काय म्हणते तेही ऐकावं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून साटा डिस्कचा सी-७ हा आकडा, सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, कागदावर लिहून ठेवा. तो कधीच कमी होत नाही, म्हणून नुसता मोठा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. तो वाढतोय का, एवढंच बघायचं. वाढत असेल तर चिप आणि डिस्क यांच्यामधल्या त्या बारक्या कनेक्टरपाशी गडबड आहे. डिस्क काढून पुन्हा बसवा. एम-डॉट-टू (पट्टीसारखी डिस्क) असेल तर तिरकी आत सारून मग आडवी करायची, आणि टोकाशी स्क्रूऐवजी रबराची गुंडी असेल तर ती सैल नाही ना, हे पाहायचं. दुसरा आकडा पॉवर सायकलचा, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली त्याचा. डिस्क जाऊन आल्यावर तो एकाने वाढला असेल तर बहुधा वीजच तुटली. होता तेवढाच असेल तर वीज शाबूत होती, बोलणं तुटलं. करंट की चिप, या वादाचा निकाल इथे लागतो, आणि तरीही हा आकडा कुणी बघत नाही.

डिस्कच खरी गुन्हेगार असेल तर तिला थेट मदरबोर्डवर लावल्यावरही एरर येतील. रीॲलोकेटेड (बाद ठरवून बदललेल्या) सेक्टरचा किंवा मीडिया एररचा आकडा चढत राहील. मग बोलायलाच नको, बदला.

पण बहुतेक वेळा गाडी परत केबलपाशी येऊन थांबते. कॉपीचा वेग सेकंदाला चाळीस एमबीच्या आसपास, म्हणजे जोडणी यूएसबी २ वर घसरली. यूएसबी ३ वर साटा एसएसडी चारशेच्या पुढे जाते. एक टीबीला पाऊण तास की सात तास, एवढा तो फरक. फोनबरोबर आलेली टाइप-सी केबल बऱ्याचदा आत यूएसबी २ चीच असते. निळा प्लग फार हळू आत सारला तरी असं होतं: यूएसबी २ च्या पट्ट्या आधी टेकतात आणि संसार तिथेच मांडला जातो. काढून एका दमात लावा. टाइप-सी असेल तर उलटी करून लावा. तिच्यात वेगवान जोड्यांचे दोन संच असतात, एका बाजूला एकच कामाला येतो. एका बाजूने ४० आणि उलट केल्यावर ४०० मिळाले तर मळलेली किंवा वाकलेली पट्टी सापडलीच म्हणून समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, फुंकर मारू नका. फुंकरीत थुंकी असते.

आणि केबलच गुन्हेगार ठरली, तर माझं एकच म्हणणं असतं: कात्री घ्यायची आणि मधोमध कापायची. गाठ मारून नाही, 'खराब' अशी चिठ्ठी लावून नाही. कापायची.

कापत कुणी नाही. चार्जिंग तर होतंय की तिच्यावर. ती नीट गुंडाळली जाते, दुधाच्या पिशवीचं रबर लावलं जातं आणि टीव्हीखालच्या खणात, बाकीच्या बारा काळ्या केबलींवर, अलगद ठेवली जाते.