तारीख नसलेला अभ्यास

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला होती. मार्चमध्ये अभ्यासिका बंद झाली, तसे आम्ही पोट्टे यवतमाळहून गाठोडी घेऊन आपापल्या गावी आलो. मग परीक्षा सरकतच गेली. एप्रिल, सप्टेंबर, 11 ऑक्टोबर, पुढच्या वर्षीचा 14 मार्च. तोही ऐनवेळी हुकला, पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि 21 मार्च 2021 ला पेपर झाला एकदाचा.

त्या वर्षभरात ‘उद्यापासून’ हा शब्द मी जेवढा वापरला, तेवढा माझ्या बॅचमधल्या प्रत्येकानं वापरला. मी तर स्केचपेननं वेळापत्रक रंगवलं होतं. राज्यघटना निळ्यात, अर्थशास्त्र हिरव्यात. रंगवण्यातच दुपार जायची, हे वेगळं.

आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत कापूस भरला होता. लॉकडाऊनमुळं सरकारी खरेदी थांबलेली, हमीभाव 5550 रुपये क्विंटल तो कागदावर. ढिगाला टेकून वाचायला बसलं की अंगाला खाज सुटायची, मानेवर पुरळ यायचं. उठून स्लॅबवर जावं तर तिथं रेंज मिळायची. रेंज आली की टेलिग्रामवर पीडीएफ उतरायच्या, आणि त्यांच्या मागून एखादा ‘यशाचा मंत्र’ सांगणारा व्हिडिओ. दिवसाचा दीड जीबी त्यात संपायचा. या मंत्रवाल्यांवर माझा राग अजून गेलेला नाही. इच्छा कमी पडते म्हणून पोरं वाचत नाहीत, असं ते बिनधास्त सांगत.

बाबा रोज विचारत, “कवा हाय बे तुयी परीक्षा?” उत्तर नसायचं. तेच बाबा जूनमध्ये म्हणाले, “उद्या टोबाचं हाय,” तर मी पहाटेच काकरात उभा होतो. पाऊस पडून गेलेला, ओल होती तोवर सरकी टोबणं भाग होतं. दोन दिवस मागं पडलं की निंदण, डवरणी, फवारा सगळंच मागं पडतं. तिथं मला कुणाच्या मंत्राची गरज लागली नाही.

टाळाटाळीवर संशोधन करणाऱ्या पिअर्स स्टील यांचं म्हणणं पुढं वाचनात आलं. कामाचं फळ जेवढं लांब, तेवढी त्याची ओढ कमी. आणि ते आपल्याला जमेल हा भरवसा खचला की उरलीसुरली ओढही जाते. आमचं फळ तर लांबही नव्हतं, हलतं होतं. त्यात वयोमर्यादेचं घड्याळ मात्र चालूच. पस्तिशी गाठलेल्या आमच्या अभ्यासिकेतल्या एका दादानं तेव्हाच पुस्तकं विकली आणि दूध संकलन धरलं. लोक त्याला आळशी म्हणाले. तो पहाटे चारला उठून गावोगावचे कॅन गोळा करायचा.

14 मार्चची तारीख लागली, तसा मी परत यवतमाळला खोली घेतली. वेळापत्रक केलं नाही. सरळ वाचायला बसलो.