डनेडिनची थंडी आणि लोकरीचे मायक्रॉन

इकडे न्यूझीलंडला शिकायला येणाऱ्या मुलांचा फोनवरचा पहिला प्रश्न स्वेटरचा. घरच्यांनी एक जाडजूड घेऊन ठेवलेला असतोच. मी म्हणते, राहू द्या. डनेडिनला बर्फ फारसा पडत नाही, पण दक्षिणेचा वारा हाडांत शिरतो आणि विद्यार्थ्यांना भाड्याने मिळणारी जुनी घरं आतूनही गारठलेली असतात. जून ते ऑगस्ट हा इथला हिवाळा, तेव्हा अंगालगतचा कपडा कशाचा आहे याला जाडीपेक्षा जास्त महत्त्व.

लोकरीची प्रत मायक्रॉनवर ठरते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. लोकरीचा तंतू ३०च्या पुढे गेला की त्याचं टोक त्वचेवर वाकत नाही, टोचतं. ‘मला लोकर सोसत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांची तक्रार खरं तर या टोचण्याची असते. आपली घोंगडी बघा. दख्खनी मेंढीची राठ लोकर, वर चिंचोक्याची खळ. पावसात रानात पांघरायला तिला तोड नाही, पण तिचा बनियन कोण घालेल?

अंगालगत मेरिनोच, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची तलम लोकर घ्या, १७ ते १९ मायक्रॉनची. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा आत घेते तरी ओली लागत नाही, आणि तो शोषताना थोडी ऊबही सोडते. चढण चढून घामाघूम होऊन वर वाऱ्यात उभं राहिलात की याची किंमत कळते. वास धरत नाही, हा होस्टेलवाल्यांसाठी बोनस. लेबलवरचे १५०, २००, २६० हे आकडे मात्र मायक्रॉन नव्हेत, ते चौरस मीटरमागे कापडाचं ग्रॅममधलं वजन. इथल्या थंडीला २०० पुरे.

कश्मीरी लोकर (कॅशमिअर) याहून तलम, १४ ते १६ मायक्रॉन, आणि वजनाच्या मानाने ऊबदारही. पण एका बकरीच्या अंगावरून वर्षाला जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम निघते. एवढं महाग वस्त्र रोज पाठीवरच्या सॅकखाली घासून गोळे आणायचे? शाल घ्या, मिरवा. अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या, उंटाच्या कुळातल्या प्राण्याची लोकर मऊ, गुळगुळीत, खूप ऊबदार. पण त्या तंतूला मेरिनोसारखा नागमोडी पीळ नसतो, म्हणून स्वेटर लोंबत जातो. गळ्याभोवती मफलर म्हणून झकास.

आणि पॉसम. १८३७ साली फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून आणलेला हा प्राणी आता इथली झाडं ओरबाडतो, पक्ष्यांची अंडी खातो, गुरांमध्ये क्षय पसरवतो. त्याचे केस आतून पोकळ, म्हणून हलके आणि गरम. पण आखूड असल्याने एकटे कातता येत नाहीत, मेरिनोत मिसळतात. घरून हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे मारून?’ हो, मारून. इथे एरवी फरला नाक मुरडणारे पर्यावरणवादीही पॉसमचे हातमोजे बिनदिक्कत घालतात. मीही घालते. आईला अजून पटलेलं नाही.

पहिल्या वर्षी नवं घेऊच नका. ऑप शॉपमध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात, मेरिनोची जर्सी स्वस्तात मिळते. उजेडाकडे धरून कसरीची भोकं तेवढी तपासा, आणि घरी आणल्यावर गार पाण्यातच धुवा, चोळू-पिळू नका. गरम पाण्यात घुसळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि जर्सी धाकट्या भावाच्या मापाची होते.