टायमिंग गेलंय म्हणे!

"ताई, टायमिंग गेलंय." शिलाई मशीनच्या मेकॅनिकने हे उभ्याउभ्याच सांगितलं, मशीनचं डोकं उलटं करायच्याही आधी. टायमिंग म्हणजे सुई आणि तिच्याखाली फिरत दोरा उचलणारा हुक यांचा मेळ. डॉक्टरने दारातूनच निदान केलं असतं तर मी दुसरा डॉक्टर गाठला असता. पण हा माणूस नऊ दिवस "आलोच" म्हणत म्हणत शेवटी आला होता, त्यामुळे मी मुकाट्याने चहा टाकला.

मशीन सेकंडहँड. उल्हासनगरला कॅम्प ५ मधला एक जीन्सचा कारखाना बंद झाला, तिथून आणलेलं जाड कापडाचं पॉवर मशीन. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून मी कापडी पिशव्या शिवते. घरगुती मशीनवर कॅनव्हासची दुमड आणि त्यावर निवारीचे बंद आले की सुया मोडायच्या, म्हणून हे घेतलं. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर कसं चढवलं ते विचारू नका, चढलं. लगेच जुनी क्लच मोटर काढून सर्व्हो मोटर बसवली. घरात शिवणार असाल तर हा खर्च पहिल्याच दिवशी करा. क्लच मोटर आपण शिवत नसलो तरी मिनिटाला पावणेतीन हजारांवर फेरे घेत घरघरत राहते, पाय जरा जड पडला की मशीन सुसाट सुटतं, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. सर्व्होचा वेग बटणाने बांधून ठेवता येतो.

तर डिसेंबरअखेर संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर आली, साठ पिशव्या. आणि नेमकं तेव्हाच मशीन टाके सोडायला लागलं. साध्या कापडावर बरं चालायचं, बंद जोडायच्या चौकोनावर आलं की दोन टाके बरोबर, तिसरा गायब. पिशवी उलटी करून पाहिली की खालचा दोरा सरळ पडलेला, नखाने ओढला की सरकन बाहेर. अशा बंदाची पिशवी दोन किलो कांदेसुद्धा पेलणार नाही.

मला येत होतं तेवढं सगळं करून पाहिलं. दोरा पुन्हा ओवला. (ओवताना कापड दाबणारा फूट वर उचलून ओवायचा, तरच दोरा ताणाच्या तबकड्यांमध्ये नीट बसतो. खाली दोऱ्यांचं जाळं झालं तरी आधी वरचाच दोरा तपासा, बॉबिनला शिव्या नंतर घाला.) बॉबिन केस दोऱ्याला लोंबकळवून हलका हिसका दिला, ती बोटभर खाली येऊन थांबली, म्हणजे खालचा ताण ठीक होता. कापड सरकवणाऱ्या दातांखालून बोळाभर लव निघाली. तेलाच्या खिडकीत तेल उडताना दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "थोडं खोबरेल घालून बघ." आई, नको. खोबरेल थंडीत थिजतं आणि एरवीही चिकट होतं. मशीनचं पांढरं तेलच घालायचं.

एवढं करून भागेना, म्हणून मेकॅनिकला फोन. पहिल्या दिवशी "संध्याकाळी येतो". दुसऱ्या दिवशी गाडी पंक्चर. चौथ्या दिवशी "तुमच्याच एरियात आहे". मी घरातून हलेना, भाजीलासुद्धा नवऱ्याला पाठवलं. सातव्या दिवशी त्याने फोन उचललाच नाही. नवव्या दिवशी रात्री साडेआठला आला, वीस मिनिटं हुकाशी खटपट केली, सहाशे रुपये घेतले. माझ्यासमोर चार चौकोन शिवले, चारही झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी सुई बोथट वाटली म्हणून बदलली आणि पुन्हा तेच, तिसरा टाका गायब.

इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. सुई बदलली आणि बिघडलं, एवढं सरळ होतं. पण मला वाटलं, सुई बारीक पडतेय. म्हणून लोकलने विठ्ठलवाडीला उतरून सुट्या भागांच्या दुकानात २१ च्या जागी २३ नंबर मागायला गेले. दुकानातले सिंधी आजोबा म्हणाले, पुरानी दिखाओ. मी दाखवली. त्यांनी मोबाईलमधला मशीनचा फोटो बघितला, मागच्या खणातून दुसरी एक सुई काढली आणि दोन्ही काचेच्या काउंटरवर शेजारीशेजारी ठेवल्या. "बेटी, ये डीबी है. तुम्हारे में डीपी लगता है."

लांबी जवळजवळ सारखी, दोन्हींवर नंबर २१. पण माझ्या सुईचा देठ १.६ मिलिमीटरचा आणि हिचा पुरा २. कारखान्यातून मशीनबरोबर आलेल्या सुया डिसेंबरात संपल्या होत्या. मी गल्लीतल्या दुकानात "पॉवर मशीनची २१ नंबर" मागितली आणि त्याने बहुतेकांना लागते ती डीबी × १ दिली. माझ्या मशीनला हवी डीपी × ५. दोन मिलिमीटरच्या भोकात बारीक देठ घालून स्क्रू आवळला की सुई मध्यावर न राहता एका अंगाला रेलते. सुई तळाशी जाऊन वर यायला लागते तेव्हा तिच्या खोलगट बाजूला दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो आणि हुकाचं टोक तो उचलतं. हुक आणि सुई यांच्यात जागा किती हवी? ०.०४ ते ०.१ मिलिमीटर. माझी सुई त्याच्या दुपटीने सरकली होती. जुनी एखादी सुई जपून ठेवली असती तर ताडून तरी पाहता आली असती. मी सगळ्या मोडक्या सुया कागदात गुंडाळून टाकून दिल्या होत्या.

घरी येऊन आनंदाने डीपी लावली, चाक फिरवलं, खट्ट! हुक सुईवर आपटला. मेकॅनिकने हुक त्या रेललेल्या बारीक सुईच्या हिशेबाने जवळ ओढून ठेवला होता. आता टायमिंग खरंच गेलं होतं, सहाशे रुपये देऊन. नशीब, चाक हाताने फिरवत होते. नवीन सुई लावल्यावर पहिला फेरा नेहमी हातानेच घ्या.

त्याला पुन्हा फोन करायची माझी तयारी नव्हती. प्लग काढला. सुईखालची प्लेट, दात, बॉबिन केस काढली. हुकाच्या मानेवर तीन स्क्रू असतात, ते ढिले केले. नीडल बारवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, बारीक रेघा कोरलेल्या असतात, त्या तेलाखाली होत्या, पुसल्यावर दिसल्या. बार सगळ्यात खाली असताना वरची रेघ बुशच्या (बार ज्यातून वरखाली होतो त्या नळीच्या) कडेला जुळली, म्हणजे सुईची उंची बरोबर होती. मग चाक माझ्याकडे फिरवत बार साधारण दोन मिलिमीटर वर आणला, खालची रेघ जुळेपर्यंत, आणि तिथे हुकाचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर, डोळ्याच्या किंचित वर आणलं. मधली जागा मोजायला झेरॉक्सच्या कागदाची पट्टी घेतली, तो कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. पट्टी जेमतेम अडकेल इतकं अंतर ठेवलं. स्क्रू आवळताना हुक दर वेळी केसभर सरकायचा. हे पाच वेळा झालं. सहाव्या वेळी आधी एकच स्क्रू आवळला, पुन्हा तपासलं, मग बाकीचे दोन. आपटून हुकाच्या टोकावर कूस उभी राहिली होती, ती अगदी बारीक पॉलिश पेपरने घासली. टोकाचा आकार मात्र घासून बदलायचा नाही.

रात्री सव्वाअकराला पहिला चौकोन शिवला. एकही टाका सुटला नाही. मी आईंना झोपेतून उठवून दाखवला.

सुईची लांब पन्हळ डावीकडे आणि खोलगट बाजू हुकाकडे, हे सांगायचं राहिलंच. गोल देठाची सुई कशीही बसते, घरगुती सुईच्या चपट्या देठासारखी ती आपल्याला अडवत नाही. आणि दोरा सुईला जाड होतोय का ते बघायला वीतभर दोरा ओवून तिरका ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली आली पाहिजे.

साठ पिशव्या वेळेत गेल्या. निवार दुमडून आठ पदर होतात तिथे मशीन अजूनही कधीतरी टाका सोडतं. ती जागा मी आधी बत्त्याने ठेचून घेते आणि चाक हातानेच फिरवते.