सत्तेचाळिसावं पान

नाटकांच्या कपड्यांच्या कामात मला सहायक हवी होती, म्हणून मंगळवारी वेशभूषेच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी पोर्टफोलिओ घेऊन कपडेपटात आली. बावन्न पानांची फाइल. पहिली चाळीस पानं लांब मानेच्या फॅशन-आकृत्यांची, सुंदर रंगवलेली. पण नाटक कोणतं, प्रवेश कोणता, त्यात बाई पाणी भरते की नुसती बसून असते, काही कळत नव्हतं. पेशवाईचे संदर्भ सगळे पिंटरेस्टवरचे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला जुने कपडे, जुन्या वस्तू बघायला राजा दिनकर केळकर संग्रहालयात कुणी नेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कापडाचे नमुने फेव्हिकॉलनं सबंध चिकटवलेले. मलमल पुठ्ठ्यासारखी ताठ झालेली, जॉर्जेटमधून गोंद वर आलेला. नमुना दोन बाय तीन इंचांचा घ्यावा, कडा झिगझॅग कात्रीनं कापाव्यात आणि फक्त वरच्या कडेला स्टेपल मारावी, म्हणजे कापड बोटांत धरून ते कसं पडतं ते बघता येतं. खाली कापडाचं नाव, पन्हा म्हणजे रुंदी, मीटरचा भाव आणि धुतल्यावर किती आटलं ते लिहावं.

रेझ्युमेत एका एकांकिकेपुढे नुसतं ‘वेशभूषा’ लिहिलेलं. विचारल्यावर कळलं, डिझाइन दुसऱ्याचं होतं. हिच्याकडे शिवण आणि कपड्यांचे झटपट बदल होते. तसं स्पष्ट लिहिलं असतं तर मी तिथूनच बोलायला सुरुवात केली असती.

तेवढ्यात आमचे शिंपी मास्तर माप विचारायला आले आणि उघड्या पानावर थांबले. पान ४७. हिरव्या नऊवारीच्या आतल्या बाजूचा फोटो. प्रवेश असा: सुवासिनी अंधारात जाते आणि ४० सेकंदांनी आलवणात, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यात दिसते. त्यासाठी काष्टा आणि निऱ्या कमरपट्टीत पक्क्या शिवून, डाव्या बाजूला उघडणारी नऊवारी केलेली. आधी वेल्क्रो लावलं होतं. शांत अंधारात ते ओढल्याचा चर्रर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग पँटचे मोठे हूक लावले, तर ते अंधारात हाताला सापडेनात. म्हणून प्रत्येक हुकाशेजारी जाड दोऱ्याची गाठ मारली, अंगठ्याला लागेल अशी. समासात पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या: ६५ सेकंद, ५२, ३६. खाली आणखी एक नोंद: रात्रीच्या निळ्या प्रकाशात आलवणाचा लाल रंग काळा दिसला, प्रकाशयोजनाकाराकडून थोडा अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी प्रकाश मागून घेतला.

मास्तरांनी फोटोतल्या गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे हिनं केलंय?”

“हे इतकं मागे का टाकलंस?” मी विचारलं.

“कॉलेजात सांगितलंय ताई, आतली शिवण दाखवायची नाही. पान घाण दिसतं.”

मला मनापासून राग आला. नाटक आतल्या शिवणीवर उभं असतं. प्रयोग रंगात असताना उसवलेली कड रंगवलेली आकृती सावरत नाही.

तासभर बसून आम्ही फाइल सोळा पानांवर आणली. चारच कामं, प्रत्येकाचा क्रम तोच: प्रवेशवार पात्रांचे कपडे मांडलेला तक्ता, संदर्भ आणि तो कुठला ते, नमुन्यांसह रेखाटन, फिटिंगचा फोटो, शेवटी रंगमंचावरच्या प्रकाशातला फोटो. प्रत्येक पानावर आपलं नेमकं काम आणि मूळ डिझाइन कुणाचं, त्याचं नाव. रेझ्युमे एकच पान. ‘शिवण येते’ असं मोघम लिहिण्यापेक्षा साधं मशीन, कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक, कापड रंगवणं, ते वापरून जुनं झाल्यासारखं करणं यातलं जे हातानं केलंय तेवढंच. पीडीएफ दहा एमबीच्या आत, फाइलला स्वतःचं नाव.

निघताना तिनं विचारलं, “परीक्षेला ही फाइल दिली तर मार्क जातील. मग दोन करू?”

मी “कर” म्हणून मोकळी झाले, आणि तेव्हापासून ते उत्तर मला खातंय. तिथे काढून टाकायचं पान इथे पहिलं ठेव, असं मी तिला सांगितलं. शनिवारी ती कामावर रुजू होते आहे. परीक्षेच्या फाइलमध्येही सत्तेचाळिसावं पान राहू दे, हे तिला त्याआधी सांगायला हवं. मार्क मात्र तिचे जाणार आहेत, माझे नाहीत.