देवगिरी चढताना पापण्या कुठं गेल्या?

वेरूळ बघितलं, भद्रा मारुतीला जाऊन आलो, रस्त्यावरच्या ढाब्यावरचं जेवण फालतू होतं, विषय संपला. लिहायचंय ते देवगिरीबद्दल, म्हणजे खरं तर देवगिरी चढताना माझ्या डोळ्यांचं जे झालं त्याबद्दल.

सोबत भाचा होता, ऑप्टोमेट्री (डोळे तपासायचं शास्त्र) शिकायलाय, आणि दिसेल त्याच्यासमोर मोबाईल धरायची खोड. ऑक्टोबरचं ऊन, चाँद मिनारपाशीच शर्ट ओला झाला, पुढं खंदकावरचा पूल ओलांडून अंधारीत, म्हणजे गडातल्या काळोख्या भुयारी वाटेत शिरलो तर वटवाघळांचा वास आणि पाय कुठं टाकावा ते कळंना. शत्रूला चकवायला केलेली जागा ही, आता रविवारी पोरं तिथं किंचाळून आवाज घुमवतात, त्यापेक्षा शत्रू परवडला. तिथून वरच्या बारादरी महालापर्यंतच्या पायऱ्या म्हणजे एक गुडघ्याएवढी तर दुसरी वीतभर, छाती भात्यासारखी हलायली आणि हा पठ्ठ्या पुढं जाऊन वळून वळून माझं शूटिंग करायलाय. बंद कर म्हणलं तर म्हणे, "मामा, पापणी तर हलवा की, डोळे मिटवनाच झालात!"

बारादरीत वारं लागलं, तिथं टेकून व्हिडिओ बघितला. खरंच की. चढताना डोळे टक्क उघडे आणि जरा सपाट जागा आली की पापण्यांची नुसती फडफड.

निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी लववतो, डोळा ओला ठेवायला खरं तर इतक्या वेळा गरज नसते. पण प्रत्येक वेळी क्षणभर अंधार होतो ना, म्हणून नजर कशात गुंतली की मेंदू पापणी लांबणीवर टाकतो, वाचताना आणि मोबाईल बघताना पण हेच. भाच्यानं जपानचा एक अभ्यास सांगितला, 2023 चा, फॉर्म्युला गाड्यांच्या ड्रायव्हरांचा. फेरीमागून फेरी, ट्रॅकवर त्याच त्याच ठिकाणी त्यांच्या पापण्या लवायच्या, सरळ पट्ट्यावर लवणार आणि वळणावर, वेग बदलताना नाही.

पण घाम डोळ्यात उतरला की सगळं उलटं. मीठ चुरचुरलं की पापणी आपोआप मिटते, तिथं मेंदूचं लांबणीवर टाकणं चालत नाही. वर ऊन-वारं डोळ्यातला पाण्याचा थर वाळवतं ते वेगळंच.

मग मी विचारलं, माझ्या पापण्या थांबल्या त्या धाप लागल्यामुळं का पायऱ्यांकडं डोळे लावल्यामुळं? तर म्हणे ते वेगळं काढायला तुम्हाला सपाटीवर पळवून बघावं लागेल, खाली गेल्यावर पळा, मी रेकॉर्ड करतो. आपण साफ नाही म्हणलं. पळायचं असतं तर गड कशाला चढलो असतो.

आणि हे सगळं ज्ञान पाजळणारा स्वतः कॉन्टॅक्ट लेन्स घालून आलेला! वरच्या वाऱ्यात लेन्स वाळली, त्यात धूळ गेली, बाटलीतलं पाणी मार म्हणलं तर लेन्सला साधं पाणी चालत नाही मामा, असं ऐकवलं. उतरताना एक डोळा मिटून माझ्या खांद्याला धरून आला, त्याची सॅक आणि ट्रायपॉड अर्थातच माझ्याकडं. खाली सीताफळवाली दिसल्यावर मात्र दोन्ही डोळे व्यवस्थित उघडले.