जेनोवाच्या गल्ल्या आणि आमची डोंगरी

आमचं जुनं घर मुंबईत डोंगरीला, आजोबा गोदीत कामाला, त्यामुळे बंदर म्हणजे फिरायला जायची जागा असं आमच्याकडे कधीच नव्हतं, बंदर म्हणजे पाळी, पास, गेट आणि लांबच लांब भिंत. समुद्र घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, पण तो बघायचा तर बस पकडून चौपाटीला जायचं. हे आत्ता लिहितेय कारण मागच्या मे महिन्यात इटलीला गेले होते तेव्हा जेनोवा या बंदराच्या शहरात एक अख्खा दिवस एकटी पायी फिरले, गाईड नाही ग्रुप नाही, आणि ते शहर अजून डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आधी रस्ता सांगते. पियात्सा प्रिन्चिपे स्टेशनला उतरायचं आणि सरळ खाली समुद्राच्या बाजूला चालायला लागायचं. आधी लागते कोमेंदा दी प्रे, 1180 सालची धर्मशाळा, जेरुसलेमच्या यात्रेला निघालेले लोक जहाज मिळेपर्यंत इथे मुक्काम करायचे. मग व्हिया दी प्रे ही गल्ली, पुढे पोर्ता देई वाक्का हा जुना दरवाजा, व्हिया देल काम्पो, आणि शेवटी सोत्तोरीपा, म्हणजे बंदरासमोरची कमानींची रांग. आपल्या फोर्टातल्या डी. एन. रोडच्या कमानी आठवा, फक्त या बुटक्या, काळोख्या आणि कितीतरी शतकं जुन्या.

गल्ल्यांना तिथे कारुज्जी म्हणतात. सहा-सात मजली घरं आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी चिंचोळी की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागतात. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका, निळा ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारत बसतो. त्यापेक्षा उतार बघायचा, उतार म्हणजे समुद्राची बाजू, चढ म्हणजे डोंगराची. आणि घरांचे नंबर नीट समजून घ्या, लाल नंबर दुकानांचे आणि काळे राहत्या घरांचे, दोन्हींची मोजणी वेगळी, त्यामुळे एकाच रस्त्यावर लाल 12 आणि काळा 12 बरेच लांब असू शकतात. मला हे माहीत नव्हतं, एक खाणावळ शोधण्यात माझा पाऊण तास गेला.

पण त्या पाऊण तासानेच सोत्तोरीपामधल्या एका छोट्या दुकानात फारिनाता खायला मिळाला. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह ऑइल, बाकी काही नाही. पातळ भिजवलेलं पीठ परातीएवढ्या तांब्याच्या तव्यात ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात, बाहेर येतं तेव्हा वरचा पापुद्रा तपकिरी आणि कुरकुरीत, आत एकदम मऊ. मावशींनी सुरीने उभं-आडवं कापून कागदात दिलं, वर मिरपूड. पहिल्या घासाला आईचं बेसनाचं धिरडं आठवलं, हळद-मिरची-कोथिंबीर तेवढी नाही.

दुपारी सान लोरेन्झो कॅथेड्रलमधे गेले. बाहेरून काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे, आणि आत उजव्या बाजूला चक्क एक तोफगोळा ठेवलाय. 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश युद्धनौकांनी शहरावर मारा केला तेव्हा 381 मिलिमीटरचा हा गोळा भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. त्याच्या शेजारी आभाराची पाटी आहे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले कारण आमच्या घरी दुसरी गोष्ट ऐकत मोठी झालेय, 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकिन जहाज, स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात भरलेला, आणि ते फुटलं. आजोबांची त्या दिवशी रात्रपाळी होती म्हणून ते वाचले. आजी सांगायची की आकाशातून जळते कापसाचे बोळे पडत होते आणि ती ओली गोधडी डोक्यावर घेऊन बाबांच्या मोठ्या बहिणीला उचलून पळाली.

कॅथेड्रलच्या शेजारच्या म्युझियममधे निळीत रंगवलेली लिननची 14 कापडं आहेत, त्यावर पांढऱ्या रंगाने येशूच्या शेवटच्या दिवसांची चित्रं, सगळ्यात जुनी 16व्या शतकातली. जीन्स हा शब्द जेनोवाच्या फ्रेंच नावावरून आला असं मानतात, आणि डंगरी हा शब्द आमच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून. दोन्ही कपडे आधी खलाशांनी आणि कामगारांनी वापरले. ती निळी कापडं बघताना मला हे जितकं जवळचं वाटलं तितकं त्या शहरातल्या कुठल्याच राजवाड्यात वाटलं नाही (व्हिया गारिबाल्दीवरचे राजवाडे सुंदर आहेत, तासभर ठेवा, बास).

आणि मग बंदर. शहर आणि पाणी यांच्यामधे डोक्यावरून एक फ्लायओव्हर जातो, अगदी आपल्या जेजे फ्लायओव्हरसारखा, त्याच्या शेजारीच 1260 चा पालात्सो सान जोर्जो, मार्को पोलो कैदेत होता तो इथेच असं सांगतात. फ्लायओव्हरखालून गेलं की पुढे भिंत नाही. 1992 मधे कोलंबसच्या प्रवासाला 500 वर्षं झाली तेव्हा याच गावच्या रेन्झो पियानो या आर्किटेक्टने जुनी गोदी लोकांसाठी खुली करून दिली, कापसाची जुनी गोदामं तशीच ठेवून. चालू बंदर आजही पश्चिमेला कुंपणाआडच आहे, ते तसंच असणार, पण हा जुना तुकडा तरी गावाला परत मिळाला. आज्या बाकावर बसलेल्या, पोरं सायकली फिरवतायत. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "असं पाण्याजवळ जाऊन बसू देतात का गं?"

संध्याकाळी कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागाची जुनी लिफ्ट घेऊन वर जा. तिथून सगळी छपरं दिसतात, करड्या स्लेटच्या दगडाची, आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड तोच, आणि लांब 77 मीटर उंच लँटर्ना हे दीपगृह.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाबांना घेऊन डोंगरीपासून चालत भाऊच्या धक्क्यावर गेले आणि समोर उरणच्या बाजूला जाणारी मोऱ्याची लाँच पकडली. बाबा शहराकडे तोंड करून बसले. शेजारचे एक कोळी काका त्यांना कुठली क्रेन कुठल्या डॉकची ते एकेक करून दाखवत होते. मोऱ्याला उतरून चहा घेतला आणि पुढच्याच लाँचने परत निघालो, बाबांना परत बघायचं होतं.